उपग्रहाला झाड दिसतं, हद्द दिसत नाही

विदर्भातल्या पेंचच्या जंगलाची दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरातल्या चित्रात तोतलाडोह जलाशयाच्या काळपट पाण्याभोवती सगळं गर्द लाल. मार्चअखेरच्या चित्रात तोच भाग करडा, फक्त नाल्यांच्या काठानं लाल रेघा उरलेल्या. जंगल कुणी तोडलेलं नसतं. सागानं पानं टाकलेली असतात.

हिरवं पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं. उपग्रह तो टिपतो आणि चित्रात त्याला लाल रंग दिला जातो. पान गळलं की लालही गेला. म्हणून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था वनाच्छादन मोजायला शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेते. तोवर ढग सरलेले असतात आणि पानगळ व्हायची असते. त्यामुळे विदर्भातल्या दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं दाखवून कुणी ‘जंगल गायब’ म्हणाला, तर आधी तारीख विचारा.

मार्चच्याच चित्रात काटोल-नरखेडकडे सरका. तिथं लाल चौकोन उठून दिसतात. त्या संत्र्याच्या बागा आहेत, बारमाही हिरव्या. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्के भरली की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, हा प्रश्नच नाही. म्हणजे बागही त्यात येते. उलट आपल्याकडचं झुडपी जंगल दहा टक्क्यांच्या खाली राहिलं की वनाच्छादनाच्या आकड्यात येत नाही. त्याच झुडपी जमिनी वनच मानायच्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी दिला. नागपूरसह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत त्या सुमारे ८६ हजार हेक्टर आहेत. तेव्हा वनाच्छादन वाढल्याची बातमी आली, की नेमकं काय वाढलं हे विचारायलाच हवं.

जंगल राखायचं तर चित्रावर हद्द चढवावी लागते. ही हद्द आकाशातून दिसत नाही. ती वनखात्याच्या आणि महसुलाच्या जुन्या नकाशांत असते, जमिनीवरच्या सीमाबुरुजांवर असते. ती संगणकावर आणणं हे किचकट, बिनचमकदार काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. या बाबतीत नागपूर भाग्यवान. वनखात्याचं मुख्यालय इथं, इस्रोचं प्रादेशिक केंद्र इथं, आणि १९८८मध्ये, देशाचा नियमित वापराचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए सुटला त्याच वर्षी, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही इथंच सुरू झालं.

हद्दीची किंमत वणव्याच्या दिवसांत कळते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात, आणि वाळलेल्या सागाच्या पानांवरून ती पसरते. उपग्रहावरचा व्हिअर्स संवेदक दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास इथून जाताना तापलेली जागा टिपतो. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टर. त्यात शेताचा धुरा पेटला असेल किंवा जंगल; नुसता ठिपका ते सांगत नाही. तो बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाच्या राखणीतल्या भागाच्या, हद्दीवर ठेवला की कुणाच्या बीटात आग आहे हे ठरतं आणि संदेश थेट त्या वनरक्षकाच्या मोबाइलवर जातो. हद्द चुकली तर संदेश शेजारच्या बीटात जातो, आणि वाऱ्यावर असलेल्या वणव्याला तेवढा वेळ पुरतो.

दुपारी तीनला लागलेली आग मात्र या संवेदकाला रात्रीच्या फेरीपर्यंत कळत नाही. ही फट भरायला पेंचमध्ये २०२४पासून टेकडीवरचा कॅमेरा धूर हेरतो. पण संदेश कॅमेऱ्याचा असो की उपग्रहाचा, आग विझवायला माणसंच जातात, हिरव्या फांद्या आणि पाला उडवणारी यंत्रं घेऊन. उन्हाळ्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा साफ करतात तेही तेच, पुष्कळदा आसपासच्या गावांतले हंगामी मजूर. त्यांची मजुरी वेळेवर मिळणं हा वणवा रोखण्याच्याच खर्चाचा भाग आहे. उपग्रहासाठी पैसा मंजूर होतो तेव्हा या मजुरीचा खर्चही त्याच कागदावर लिहिलेला असावा.