ठशावरचे साल

ब्रिटिश अमदानीतले नमुना नाणे, म्हणजे मंजुरीसाठी पाडलेले नाणे, समोर आले की संग्राहकांत पहिली चौकशी होते ती संख्येची: अशी किती उरली? दुर्मीळपणावर भाव ठरतो हे खरेच. पण त्याआधी विचारायला हवे की हे नाणे पाडले कधी. नमुन्यावरचे साल ठशाचे असते, त्यावर घाव कधी पडला ते त्यातून कळत नाही. कोलकाता आणि मुंबई या दोन्ही टाकसाळींनी जुने ठसे जपले आणि पुढे हौशी संग्राहकांना त्यांवरून नाणी पाडून दिली. १८३५चे सोन्याचे दोन मोहरांचे नाणे घ्या. एका बाजूस चौथा विल्यम, दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडापुढून चालणारा सिंह. हे नमुना नाणे नव्हे, कायद्याने ठरलेले. पण अडचण इथे लख्ख दिसते. मूळ नाणे आणि कित्येक वर्षांनी पाडलेले नाणे, दोन्हींवर साल १८३५च.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. टाकसाळ सरकारी, ठसा अस्सल, धातू चोख, मग मागाहून पाडलेल्या नाण्यात उणे काय? त्याला बनावट म्हणू नयेच. पण नमुना पाडतात तो निर्णयाआधी: चित्र, कड, वजन, धातू पाहून वरिष्ठांनी हो किंवा नाही म्हणावे म्हणून. मागाहून पाडलेले नाणे ठसा टिकल्याची साक्ष देते, त्या विचारविनिमयाची नाही. त्यातही एका नाण्याचा दर्शनी ठसा दुसऱ्याच्या मागच्या ठशाशी जोडला गेला, तर त्या काळी कोणी मनातही न आणलेले नाणे हाती येते आणि आपण त्यावरून इतिहास रचू लागतो.

जे बाजारात फिरलेच नाही त्याला नाणे का म्हणावे, असेही कोणी विचारतील. पण नाणे बाजारात येण्याआधीच त्याचे चित्र ठरते, आणि ते ठरवणे किती नाजूक काम होते ते १९११च्या रुपयावरून समजते. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या इवल्याशा हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. बाहेर गेले ते साधारण ७ लाख, बाकीचे वितळवले. १९१२च्या रुपयावर हत्ती सुधारला. नमुन्यांत अशाच निवडीची कच्ची पाने असतात, म्हणून ती मोलाची.

मूळ नाणे कोणते आणि मागाहूनचे कोणते, याची पारख भिंगाखाली सुरू होते. ठसा वर्षानुवर्षे पडून गंजला की त्यात बारीक खड्डे पडतात. नाण्यावर त्यांचे उंचवटे होतात, राजाच्या गालावर रवा सांडावा तसे. मात्र ठसा घासून घेतला असेल तर ही खूणही जाते. ब्रिटिशकालीन नाण्यांचे अभ्यासक प्रिडमोर यांच्या सूचीत मूळ आणि मागाहूनची नाणी वेगळी दाखवली आहेत, तिचा आधार घ्यावाच. तरी कित्येकदा निकाल लागतो तो नाण्यासोबत आलेल्या जुन्या पाकिटावर: कोणाच्या संग्रहातले, केव्हा घेतले, कोणाकडून. आणि नवी पारदर्शक डबी आणली की पहिले फेकले जाते ते हेच पाकीट.