असेंब्ली उघडेपर्यंत चहा होतो का तुमचा?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. तो पुण्यात कन्व्हेयर डिझाइन करतो. क्लायंट ऑनलाइन, स्क्रीन शेअर चालू, आणि सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली काही उघडेना. वीस मिनिटं नुसतं चक्र फिरतंय! शेवटी पीडीएफवर मीटिंग उरकली. मला विचारतो, "बॉसकडे नवीन ग्राफिक्स कार्ड मागू का रे?"

म्हटलं, थांब. आधी गाडी अडतेय कुठे ते बघू.

असेंब्ली उघडली की दोन वेगळी कामं होतात. एक चित्र काढायचं. प्रत्येक गोलाई छोट्या छोट्या त्रिकोणांत मोडून स्क्रीनवर येते, ते ग्राफिक्स कार्डचं काम. दुसरं गणित, म्हणजे मेट्स. हे भोक त्या शाफ्टच्या रेषेत, ही प्लेट त्या प्लेटला चिकटून, अशा अटी. वरच्या पातळीवरचे मेट्स एकत्र सोडवावे लागतात, आणि हे काम प्रोसेसरचं. त्यातही बरंचसं एका वेळी एकाच कोरवर चालतं. म्हणून सोळा कोरचं मशीन घेऊनही लोक वैतागलेले दिसतात.

मग आम्ही परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन हे टूल चालवलं. कुठला पार्ट उघडायला किती वेळ खातो, किती त्रिकोण वापरतो, सगळं समोर येतं. (हे फुकट आहे, तरी कोणी उघडत नाही!) चोर सापडला: बोल्ट. पठ्ठ्याने वेबसाइटवरून उतरवलेले, खरोखरचे आटे कोरलेले शेकडो बोल्ट बसवले होते. शिवाय गिअरबॉक्सच्या आत दातांसकट सगळे गिअर! अरे, विकत आणायच्या गिअरबॉक्सचं तुला बाहेरचं माप, बसवायची भोकं आणि शाफ्ट एवढंच हवं ना? डिफीचर वापरून बाकीचं उडवता येतं. आटे कॉस्मेटिक ठेवले तरी ड्रॉइंगमध्ये नीट दिसतात.

आणि प्रत्येक बोल्टला वेगळे मेट्स कशाला? एक बसवायचा, बाकीचे भोकांच्या पॅटर्नवरून आपोआप. ड्राइव्ह युनिट, फ्रेम, रोलर यांच्या सबअसेंब्ली केल्या की वरच्या पातळीला प्रत्येक जण एक अख्खा ठोकळा वाटतो, गणित एकदम हलकं होतं. फक्त ती फ्लेक्सिबल करू नका, नाहीतर आतले मेट्स परत वर येऊन बसतात. खरंच हालचाल दाखवायची असेल तिथेच करा.

फाइल्स नेटवर्क ड्राइव्हवर असतील तर कामापुरत्या लोकल डिस्कवर घ्या, पण नंतर परत ठेवायला विसरू नका, नाहीतर दोघांकडे दोन व्हर्जन!

खरं तर क्लायंटला दाखवायला एवढंही लागत नव्हतं. उघडतानाच लार्ज डिझाइन रिव्ह्यू मोड निवडला असता, तर फिरवणं, मापं घेणं, सेक्शन कापून दाखवणं सगळं झालं असतं. हे ऐकून फोनवर बराच वेळ शांतता होती.

बोल्ट बदलून झालेत. आता असेंब्ली तीन-चार मिनिटांत उघडते. ग्राफिक्स कार्डचा मेल त्याने ड्राफ्टमध्येच ठेवलाय.