गाणारी करवत

वादक खुर्चीत बसतो, करवतीची मूठ दोन्ही मांड्यांत घट्ट धरतो आणि दात स्वतःकडे वळवतो. डाव्या हाताने पात्याचं टोक धरून ते वाकवायचं आणि उजव्या हाताने, राळ लावलेला व्हायोलिनचा गज पात्याच्या गुळगुळीत पाठीवरून ओढायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, लांब कुठेतरी एखादी बाई शब्दांवाचून गातेय.

सगळी कला त्या वाकवण्यात आहे. पातं नुसतं कमानीसारखं वाकवलं तर स्वर टिकत नाही. त्याला दुहेरी बाक लागतो, इंग्रजी ‘एस’सारखा. दोन बाक एकमेकांना मिळतात तिथे पात्याचा छोटा पट्टा जवळपास सपाट राहतो आणि कंपनं तिथेच कोंडली जातात. दोन्हीकडच्या वाकलेल्या भागांतून त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणूनच मूठ मांड्यांत आवळलेली आणि टोक हातात दाबलेलं असूनही स्वर घुमत राहतो. हार्वर्डच्या सूरज शंकर, पेटुर ब्रिदे आणि एल. महादेवन यांनी २०२२ मध्ये या कोंडण्यामागचं गणित मांडलं. वादकांच्या हातांना मात्र ती जागा कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

बाक वाढवला की स्वर चढतो, गाणारी जागा टोकाकडे सरकते आणि गजही तिच्या मागे न्यावा लागतो. करवतीला ना पडदे, ना पट्ट्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं ते मींड घेतच. सूर लागला की नाही, हे कानानेच ठरवायचं. पाय किंचित थरथरवला की स्वरात कंप येतो.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचांवर करवत गाजली. विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट अ‍ॅटकिन्सनचे क्लॅरेन्स मसेल १९२१ पासून खास वाजवण्यासाठीच्या करवती विकू लागले. अभिनेत्री मार्लेन डीट्रिच व्हिएन्नात १९२०च्या दशकात इगो सिम या नटाकडून हे वादन शिकल्या आणि दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांपुढे त्यांनी ते सादर केलं.

न्यूयॉर्कच्या नतालिया परूझ यांचं नृत्य टॅक्सीच्या धडकेने सुटलं. त्यानंतर त्यांनी करवत हाती घेतली आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवली. त्यांनी सुरू केलेल्या महोत्सवात २००९ साली ५३ जणांनी एकत्र करवत वाजवली आणि गिनीज बुकात नोंद झाली. प्रत्येकाने फक्त कानाच्या भरवशावर सूर धरायचा, हे ध्यानात घेतलं की त्या आकड्याचं मोल कळतं.

तरी करवतीला ‘गमतीचं वाद्य’ म्हणून बाजूला सारलं जातं, हा तिच्यावर अन्याय आहे. ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) या चित्रपटाच्या संगीतात जॅक नीट्शे यांनी काचेच्या पेल्यांच्या नादाबरोबर करवत वापरली, ती हसवण्यासाठी नव्हे. त्याआधी १९७० मध्ये जॉर्ज क्रम यांनी स्पॅनिश कवी लोर्काच्या कवितांवर ‘एन्शंट व्हॉइसेस ऑफ चिल्ड्रन’ रचलं. त्यात गायिका आणि एक मुलगा गातात. सोबत ओबो, मंडोलिन, हार्प, पियानो आणि तालवाद्यं असतात. मंडोलिनवादकाला मध्येच मंडोलिन बाजूला ठेवून करवत हाती घ्यावी लागते.