पाच रुपयांचे पाकीट आणि सरकारची जबाबदारी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या वस्तीतील विहारात शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी झाली. वजन, उंची, डोळे, दात असा साधाच कार्यक्रम होता. रांगेतल्या प्रत्येक मुलाला आम्ही विचारत होतो, "आज सकाळी काय खाल्लंस बाळा?" कुणी पोहे सांगितले, कुणी चहा-चपाती, कुणी रात्रीचा भात. त्यांच्या बरोबरीने पाकिटांची नावेही आली. काहींनी तर नाव सांगण्याऐवजी टीव्हीवरची जाहिरातच गाऊन दाखवली आणि सगळ्या रांगेने सूर धरला. आम्हीही हसलो.

पण एका मुलाचे वजन वहीत लिहिताना आमचे हसू थांबले. नऊ वर्षांचे पोर, वयाच्या मानाने वजन बरेच कमी, पापण्यांची आतली बाजू फिकी, दाढा किडलेल्या. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "ताई, मी सकाळी सहाला घर सोडते. त्याच्यासाठी भाकरी-भाजी झाकून ठेवते आणि वर पाच रुपये ठेवते. रात्री येऊन बघते तर भाकरी तशीच. त्यानं दिवसभर काय खाल्लं, ते मला केर काढताना कळतं."

या माउलीला आपण काय सांगणार? मुलाकडे लक्ष द्या? ती लक्ष देते म्हणून तर भाकरी झाकून ठेवते. ती कामावर असताना तिच्या मुलाशी दुसरेच कुणीतरी बोलत असते. टीव्हीतून, मोबाइलमधून, दुकानाच्या पाटीवरून बोलत असते आणि तिच्यापेक्षा गोड बोलत असते. मुलांना उद्देशून केलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर सरकारने बंधन घालावे की नाही, या प्रश्नाचा विचार आम्ही या आईच्या जागी उभे राहून करतो. आमचे उत्तर आहे, घालावे. ते का, हे या लेखात मांडत आहोत.

पोट भरते, पोर भरत नाही

पाकिटातला खाऊ म्हणजे श्रीमंतांच्या लठ्ठ मुलांचा प्रश्न, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. त्याच वेळी जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. एकाच राज्यात, कधी एकाच वस्तीत, कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी-शेजारी नांदत आहेत.

पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटात असते काय? बटाटा किंवा मका-तांदळाचे पीठ, पामतेल, मीठ आणि चवीचा मसाला. उष्मांक मिळतात, पण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिने आणि लोह नावापुरते. खारट-तेलकट खाल्ले की भूक मरते आणि झाकून ठेवलेली भाकरी तशीच राहते. लठ्ठ मुलाला हा खाऊ जास्तीचा होतो, तर आपल्या अशक्त मुलाच्या ताटात तो जेवणाची जागा घेतो. दोघांचेही नुकसान करतो.

साखरेचे गणित करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत, ५ टक्क्यांच्या आत राहिले तर उत्तम. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक लागतात असे धरले, तर ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर. कोला पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण २६ ग्रॅम असते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपला. चहातली साखर आणि बिस्किटे अजून बाकीच आहेत.

जाहिरात मराठीत, माहिती इंग्रजीत

मोठ्या माणसाला जाहिरात दाखवली तर 'हा विकायला आला आहे' एवढे त्याला कळते. सात-आठ वर्षांच्या आतील मुलाला ते नीट कळत नाही, असे बालमानसशास्त्र सांगते. कार्टूनमधला वाघ बोलला तो मित्र बोलला, क्रिकेटपटू बोलला ते खरेच असणार, असे त्याला वाटते. हे दुधात घालून प्यायलास तर उंच होशील, हे पाकीट डब्यात असेल तर मित्र भोवती जमतील, असे त्याला सांगितले जाते. पाकिटात खेळणे निघाले की मग खाऊ दुय्यम होतो.

आता तेच पाकीट उलटे करून पाहा. साखर, मीठ, चरबी यांचे आकडे बहुधा इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत असतात की चष्मा लावूनही वाचता येऊ नयेत. भुलवायचे असते तेव्हा कंपनीला आपली भाषा येते, हिशेब द्यायचा असतो तेव्हा येत नाही. शिकलेल्या घरातही हा हिशेब कुणी वाचत नाही. मग सकाळी सहाला घर सोडणाऱ्या आईने तो वाचावा, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागली. त्या मुलाला आम्ही विचारले, भाकरी का नाही खात? तो म्हणाला, "शाळेत डबा उघडला की पोरं हसतात." अन्नावरून हसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आपल्या आजा-पणजांनी ते सोसले. आता जाहिरातीने भाकरीला गरिबीची खूण ठरवले आहे आणि आपलीच पोरे एकमेकांच्या डब्याला हसत आहेत.

कायदा आहे, पण पोहोचत नाही

सरकारने जाहिरातीत हात घालणे ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. बाळांसाठीच्या दुधाच्या पावडरीने आईच्या दुधाची जागा घेऊ नये म्हणून १९९२ मध्ये संसदेने कायदा केला आणि अशा पावडरीच्या व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिराती बंद केल्या. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापायलाही मनाई केली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा आहारही या कायद्यात आला. म्हणजे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे अन्न बाजाराच्या भुलवणीवर सोडायचे नाही, हे आपण मान्य केले आहे. तिसऱ्या वर्षी असे काय बदलते?

त्यानंतरही नियम झाले. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या परिसरात जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेल्या पदार्थांची शाळकरी मुलांना विक्रीही करता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चिप्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर दाखवता येत नाहीत. वस्तू घेतली नाही तर तू इतरांपेक्षा कमी ठरशील, असे मुलाला सुचवायलाही मनाई आहे.

मग अडले कुठे? पहिली गोष्ट, आपली मुले केवळ मुलांची वाहिनी पाहत नाहीत. ती आजीबरोबर मालिका पाहतात, वडिलांबरोबर क्रिकेट पाहतात आणि हाती लागला की मोबाइल पाहतात. तिथे ही मनाई लागू होत नाही. दुसरी गोष्ट, पाकिटावरचे कार्टून आणि आतले खेळणे हीच मोठी जाहिरात असते आणि ती सुरूच आहे. तिसरी गोष्ट, कुठल्या पदार्थात साखर-मीठ जास्त आहे, हे पाहताक्षणी कळेल अशी सक्तीची खूण पाकिटाच्या दर्शनी बाजूला नाही. २०२२ मध्ये पाकिटांवर तारे देण्याचा मसुदा निघाला. पण तारा ही शाबासकीची खूण आहे. अर्धा तारा मिळालेले पाकीटही मुलाला बक्षीस मिळवलेलेच वाटेल. आपल्याला हवा आहे तो इशारा.

नुसत्या शब्दाने काय होते, ते एप्रिल २०२४ मध्ये दिसले. दुधात घालायच्या ज्या पावडरी वर्षानुवर्षे आरोग्याच्या नावाने घराघरात शिरल्या, त्या 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढा, असे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले. कारण साधे होते. अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. किती आयांनी पोटाला चिमटा काढून ते डबे आणले असतील!

बंधनाने फरक पडतो का?

पडतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून कसलीही व्यापारी जाहिरात करायला १९८० पासून बंदी आहे. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, पाकिटांवरची कार्टून काढायला लावली आणि शाळांत असे पदार्थ बंद केले. त्यानंतरच्या अभ्यासात तिथे अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेने फेब्रुवारी २०१९ पासून बस आणि रेल्वेवरच्या अशा जाहिराती थांबवल्या. जाहिराती चालू राहिल्या असत्या तर जेवढी खरेदी झाली असती, त्या मानाने अशा पदार्थांतून दर घरी आठवड्याला सुमारे १००० उष्मांक कमी आले, असे संशोधकांनी नोंदवले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून रात्री नऊच्या आधी टीव्हीवर आणि पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन जाहिरातींत कोणत्याही वेळी असे पदार्थ दाखवता येत नाहीत.

विरोधी बाजूही ऐकू

कंपन्या म्हणतात, जाहिरात हा आमच्या अभिव्यक्तीचा भाग आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेस खटल्यात व्यापारी जाहिरातीलाही हे संरक्षण आहे असे म्हटले, हे खरे. पण फसव्या जाहिरातीला ते नाही, हेही त्याच निकालात आहे. ज्याला जाहिरात म्हणजे काय हेच कळत नाही, त्याच्याशी केलेला प्रचार प्रामाणिक कसा म्हणावा? आणि बाबासाहेबांनी ज्या संविधानाला आकार दिला, त्याच्या कलम ४७ मध्ये लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. मुलांच्या पोटाचा प्रश्न सरकारच्या मर्जीचा नाही, कर्तव्याचा आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच वस्तीतून आला आणि तो आम्हाला जास्त जड गेला. शाळेच्या फाटकाशी एक मावशी छोटी टपरी चालवते. नवरा गेल्यावर तिने याच पाच-दहा रुपयांच्या पाकिटांवर मुले शिकवली. ती म्हणाली, "कंपनी टीव्हीवर नाचते आणि दंड मात्र माझ्या टपरीला?" तिचे म्हणणे खोटे नाही. पन्नास मीटरचा नियम राबवायला कुणी आले तर आधी तिच्याच माळा उतरतील. हायवेवरचा मोठा फलक तसाच राहील. म्हणूनच आमची मागणी जाहिरातीपासून सुरू होते. मागणी तयार करणाऱ्याला आधी आवरा, टपरीवाल्या मावशीकडे नंतर या. मुले चिक्की मागू लागली तर मावशी चिक्की ठेवेल. नफा देणाऱ्या कंपनीशी तिचे काही नाते नाही.

तिसरा आक्षेप असा की मुले वडापाव आणि भजीही खातात, त्यांची कुठे जाहिरात असते? खरे आहे. जाहिरात थांबल्याने सगळे आजार थांबणार नाहीत. पण वडापाववाला मुलाच्या झोपेपर्यंत त्याच्या कानाशी बसत नाही.

आपण काय करू शकतो

सरकारकडे मागायचे ते स्पष्ट शब्दांत मागू या. रात्री उशिरापर्यंत सर्व वाहिन्यांवर आणि मोबाइलवर अशा जाहिरातींना मनाई, पाकिटांवरची कार्टून व आतली खेळणी बंद आणि दर्शनी बाजूला मराठीसह स्थानिक भाषेत इशारा.

तोवर हातातले उपाय वापरू. फसवी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अशा जाहिरातीसाठी कंपनीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीत शाळेजवळच्या फलकांचा विषय काढा. आपल्या जयंतीच्या आणि वर्षावासाच्या कार्यक्रमांत मुलांना खाऊ म्हणून पाकिटे वाटू नका. उकडलेले अंडे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळे वाटा. ही खरेदी टपरीवाल्या मावशीकडूनच करा.

त्या आईला आम्ही एवढेच सुचवले की पाच रुपयांऐवजी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवून पाहा. पुढच्या तपासणीला ती आली. म्हणाली, "फुटाणे खातो आता. पण टीव्ही लागला की अजून पाच रुपये मागतो." फुटाणे ठेवायचे काम तिने केले. टीव्हीचे काम तिच्या हातात नाही.