मृगाचा बाजार आणि पावतीचा कागद

मृग लागायला आठ दिवस उरले, की आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एक कागद निघतो. वर 'श्री' लिहायचे. खाली बियाणे, खत, औषध, डवऱ्याच्या पासा, दोराचे बंडल, मुलांच्या वह्या. आणि तळाशी जागा उरलीच तर माझी एखादी साडी. तो कागद घेऊन आमचे हे शहराचा बाजार करून येतात.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात. अमरावती एका अंगाला, अकोला दुसऱ्या अंगाला. शकुंतला गाडी होती तेव्हा तिच्यात बसून मूर्तिजापूरला जायचे आणि तिथून मोठ्या गाडीने अकोला गाठायचे. आता एस.टी. आहे. बियाणे-खतासाठी अमरावती, डाळ भरडायला आणि लोखंडी सामानाला अकोला, अशी सासऱ्यांच्या वेळेपासूनची आमची वाटणी आहे.

यंदा कागद लिहिताना मोठा मुलगा म्हणाला, "बाबा, कायले शहराच्या चकरा मारता? मोबाईलवर समदं घरपोच येते, अन् स्वस्तबी भेटते."

मुलाचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. बॅटरी, चप्पल, मिक्सरचे भांडे आम्हीही तसे मागवले आहे. एस.टी.चे भाडे, दिवसाची मजुरी आणि चहा-पाणी धरले, तर शहराची एक चक्कर काही फुकट पडत नाही. पण ह्यांनी त्याला काही उत्तर दिले नाही. देवळीतून एक जुना कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तो २०२० सालच्या सोयाबीनच्या बियाण्याची पावती होता.

वाचकांपैकी पुष्कळांना ते साल आठवत असेल. टाळेबंदी होती, बाजार अर्धे बंद होते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही आणि तक्रारींचा पाऊस पडला. आम्ही अमरावतीच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून तीन पिशव्या आणल्या होत्या. शेजारच्या काकांनी गावात आलेल्या एका जीपवाल्याकडून घेतल्या. पिशवीमागे तीनशे रुपये कमी, माल दारात, वर गोड बोलणे. काकांनी आम्हाला हसूनही घेतले, "तुम्ही गाडीभाडं देऊन महाग आणता, मले घरी स्वस्त भेटलं."

पेरणीनंतर आठव्या-नवव्या दिवशी दोघांच्याही शेतात सारखेच दृश्य. तासात चार-चार हात मोकळी जागा. उकरून पाहिले तर दाणा कुजलेला. माझ्या सासूबाई बांधावर बसून राहिल्या, त्यांना घरी या म्हणायचेही धाडस झाले नाही.

फरक इथून पुढे पडला. आमच्याजवळ पक्की पावती होती. तिच्यावर वाणाचे नाव, लॉट नंबर, दुकानाचा परवाना क्रमांक आणि सही. रिकामी पिशवी लेबलासकट होती, मूठभर बियाणेही ठेवले होते. दुकानदारांना फोन केला तर ते म्हणाले, "भाऊ, उशीर करू नका, आजच तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. मी माझं स्टॉकबुक घेऊन येतो." आणि ते खरोखर आले. तक्रार निवारण समितीची माणसे शेतात आली, त्यांनी उगवलेली रोपे मोजली, पंचनामा केला, ह्यांची सही घेतली आणि अहवालाची प्रत दिली. कंपनी काय देईल ते देईल, पण हंगाम थांबत नाही म्हणून दुकानदारांनी दुसऱ्या लॉटच्या दोन पिशव्या आपल्या हिशेबात लिहून आधीच दिल्या. आमची दुबार पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली.

काकांची तक्रार लिहून घ्यायलाच जागा नव्हती. कोणाविरुद्ध लिहिणार? जीपचा नंबर कोणी टिपला नव्हता. फोन लावला तर बंद. त्यांनी सावकाराकडून पैसे काढून पुन्हा बियाणे आणले.

हे सांगितले म्हणून शहरातला प्रत्येक दुकानदार देवमाणूस आहे असे कोणी समजू नये. तसा भोळेपणा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कधी परवडला नाही. आपल्याकडे कापसाचा व्यापार अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे १८६० नंतर, एकदम फुगला. आगगाडी आली, अमरावती, अकोला, खामगाव इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पण पेठेत गाडी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याचे काय? रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा, मालकाला भाव कळायचा तो शेवटी. वर कडता वेगळा, धर्मादाय वेगळा. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. असा बाजार देशात हा पहिला. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. त्यामागे विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा हेतू होता, शेतकऱ्याची कणव नव्हती, हेही खरे. तरी एक वहिवाट पडली, की व्यापार उघड्यावर व्हावा आणि त्याचा कागद असावा.

म्हणून आमच्या घरी नियम असा, की जे दुकान कागद देते ते आपले. आज कच्ची चिठ्ठी देणारी दुकाने काही कमी नाहीत. युरिया मागितला तर त्याच्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारणारे आहेत. त्याला 'लिंकिंग' म्हणतात आणि ते गैर आहे. पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, उधारी असली तरी नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानात हे चालू झाले तेव्हा आम्ही वीस वर्षांची गिऱ्हाईकी तोडली. गिऱ्हाईक तुटले की दुकानदाराला कळते. दूरच्या कंपनीला आपले एक गिऱ्हाईक गेले काय अन् राहिले काय, पत्ताही लागत नाही.

बियाण्याच्या बाबतीत अकोल्याचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. १९७६ साली स्थापन झालेले राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे आपले 'महाबीज', त्याचे मुख्य कार्यालय अकोल्यात आहे आणि त्याच्या भागधारकांत शेतकरीही आहेत. १९६९ साली सुरू झालेले पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही तिथेच. म्हणजे वाण शोधणारे, बियाणे तयार करणारे आणि विकणारे, तिन्ही आपल्या हाकेच्या अंतरावर. पिशवीला निळे लेबल असेल तर बियाणे प्रमाणित, हिरवे असेल तर सत्यतादर्शक, एवढे तरी घरातल्या बाईमाणसानेही ओळखावे. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, सत्तरच्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. हे मी दरवर्षी चुलीजवळच्या कोपऱ्यात करते. काकांची सून आता माझ्याकडून गोणपाट मागून नेते.

आता स्वयंपाकघराकडे येते. तूर आपण पिकवतो आणि अकोल्यात डाळ मिलची रांगच्या रांग आहे. तरी कित्येक घरांत मोठ्या शहराच्या नावाची, चकचकीत पुडीतली डाळ येते. मी एकदा हिशेब केला होता. घरची दोन पोती तूर अकोल्याला भरडून आणली, तर डाळ मिळते, चुनी ढोरांना होते, आणि हमाल, रिक्षावाला, मिलवाला यांच्या हातात पडलेला पैसा इथेच फिरतो. त्या मिलमध्ये आमच्याच गावची तीन पोरे कामाला आहेत. महिन्याच्या शेवटी ते पैसे गावात येतात आणि पुन्हा किराण्याच्या दुकानात जातात. पुडीच्या डाळीचा नफा कुठे जातो ते मला सांगता येत नाही.

कापडाचे दुखणे याहून जुने आहे. कापूस आपला, आणि कापड मात्र बाहेरून येते. बडनेऱ्याची विजय मिल आणि अकोल्याची सावतराम मिल बंद पडल्या. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. नांदगावपेठेच्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २०२४ च्या सप्टेंबरात झाली. त्यातून आपल्या पोरांना काय मिळते ते पुढे दिसेल. पण कापडाचा व्यापार अमरावतीने सोडलेला नाही. आमच्याकडे लग्न ठरले, की बस्ता अमरावतीलाच बांधतात. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसे गादीवर बसतात, चहा येतो, आजीला न आवडलेले लुगडे तीनदा बदलते, मामाच्या टोपीवरून रुसवा होतो आणि दुकानदार हसतमुखाने पुन्हा गठ्ठे उलगडतो.

माझ्या नणंदेच्या लग्नात बस्त्याचे निम्मे पैसे उधार होते. कापूस विकल्यावर द्यायचे ठरले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, आमचा कापूस निम्म्यावर आला आणि ती उधारी फिटली नाही. सासरे लाजेने त्या रस्त्याने जाईनात. शेवटी दुकानदारांचा निरोप आला, "अप्पा, पैसे राहू द्या, पण चहाले तर या. यंदा आमच्याही दुकानात कुत्रं फिरकत नाही." ते खरे होते. आमच्या शेतात बोंडे सडली तर त्यांच्या दिवाळीत गल्ला रिकामा. एकाच ढगाकडे दोघांचे डोळे. ती उधारी पुढल्या दोन हंगामांत फिटली आणि त्यांनी एक पैसा व्याज लावले नाही.

दुरुस्तीचे तर विचारूच नका. मुलाने गेल्या वर्षी मोबाईलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला. दिसायला देखणा, चारशे रुपये स्वस्त. ऐन फवारणीत चार्जर जळाला. कंपनीच्या फोनवर एक बाई हिंदीत 'प्रतीक्षा कीजिए' म्हणत राहिली आणि शेतात तुडतुडा वाढत राहिला. अकोल्याच्या एका बुढ्या मिस्त्रीने जुन्या पंपाचा चार्जर बसवून, नोझल साफ करून, अर्ध्या तासात तो चालू करून दिला. पैसे घेतले साठ. जाताना मुलाला म्हणाला, "बापू, पंप कुठूनही घे, पण वायसर कोठी भेटते ते पाहून घे." असे मिस्त्री, मोटार बांधणारे, फाळ शेवटणारे लोहार आता थोडेच उरले. पंप आपण बाहेरून घेणार आणि दुरुस्तीला तेवढे त्यांच्याकडे जाणार, तर त्यांनी दुकानाचे भाडे कशातून भरावे?

एक गोष्ट मात्र शेतकरी बांधवांना माहीत असावी. बियाणे घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. समितीचा अहवाल आणि पावती जवळ असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पावतीवर सही नसेल तर दुकानातून पाय काढू नका. चांगला दुकानदार त्याचा राग मानत नाही, उलट तो स्वतःच म्हणतो, "भाऊ, कागद जपून ठेवा."

तर यंदाचा कागद पूर्ण झाला. मुलाने तो हाती घेतला, दोन ओळी खोडल्या, चार वाढवल्या, आणि म्हणाला, "मीच जातो अमरावतीले. पण पिशव्यांचा भाव आधी फोनवर विचारून घेतो." ह्यांनी मान हलवली. सकाळच्या गाडीने निघताना शेजारच्या काकांनी त्याला फाटकाशी थांबवले, हजार-हजाराचे बंडल नव्हे, मोजून ठेवलेल्या पाचशेच्या नोटा त्याच्या हातात दिल्या.

"माह्याबी दोन पिशव्या आणजो," ते म्हणाले. "अन् पावती माह्या नावानं फाडजो."