पुढचे चाक का उठते? मागच्या ‘शॉकअप’चे गणित

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. सकाळची लोकल गाठण्यासाठी स्टेशनपर्यंत, आनंदनगर एमआयडीसीतल्या पाळीसाठी, मुलांना शिकवणीला सोडण्यासाठी ती घराघरांत लागते. हीच गाडी रविवारी घरातला मुलगा बारवी धरणाच्या रस्त्यावर नेतो आणि तेथे पुढचे चाक हवेत उचलण्याची, म्हणजे ‘व्हीली’ची हौस भागवतो. २००४ साली ‘धूम’ चित्रपट आला आणि या हौसेला नवे वारे मिळाले. ते अजून ओसरलेले नाही. या मुलांमध्ये एक समज पक्का असतो: मागचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘शॉकअप’, सैल करून घेतला की पुढचे चाक चटकन उठते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत सोमवारी त्याच गाडीवर मागे बसणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

गाडी वेग घेते तेव्हा पुढच्या चाकावरचा भार मागच्या चाकाकडे सरकतो. हा भार किती सरकणार, हे तीन गोष्टी ठरवतात: वेग किती झपाट्याने वाढतो, गाडी आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे आणि दोन चाकांतले अंतर किती आहे. या हिशेबात स्प्रिंगची सैलाई थेट कोठेच येत नाही. स्प्रिंग सैल असो वा कडक, भार तेवढाच सरकतो. सैल स्प्रिंगमुळे मागचा भाग अधिक खाली बसतो, आसन मागे कलते आणि स्वाराचे वजन थोडे मागे जाते, इतकेच. मुलांना जी किमया मागच्या शॉकअपची वाटते, ती बहुतेक वेळा पुढच्या फोर्कची असते. फोर्क दाबून सोडला की तो उसळतो, आणि नेमक्या त्या क्षणी क्लच झटक्याने सोडला जातो.

लहान गाडीला हा झटका लागतो, कारण नुसत्या इंजिनाच्या जोरावर तिचे चाक उठत नाही. ११५ किलोची गाडी आणि ६५ किलोचा स्वार धरला, तर पुढचे चाक उठण्यासाठी वेगवाढ गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ८० टक्के असावी लागते. १०० सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये जेमतेम ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. २०० सीसीची गाडी मात्र या मर्यादेच्या बरीच जवळ जाऊ शकते. अशा गाडीवर नवख्याचे पुढचे चाक मनात नसतानाही उठू शकते.

आता मागे ६० किलोचा माणूस बसवा. तो जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो. एकट्या स्वाराच्या वेळी एकूण वजनातला पुढच्या चाकाचा वाटा सुमारे ४४ टक्के असतो, तो ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. चाक उठण्याची मर्यादाही ८० वरून ६० टक्क्यांपर्यंत खाली येते. चढावर ती आणखी उतरते. उड्डाणपुलाच्या चढणीवर गर्दीत थांबलेली गाडी मागे माणूस आणि पिशव्या घेऊन झटक्याने सुटते, तेव्हा हँडल हलके लागते ते यामुळेच.

येथे मागच्या शॉकअपचे खरे काम सुरू होते. मागचे चाक ज्या दुपाखी दांड्याला बसवलेले असते, त्याला गॅरेजमध्ये ‘चिमटा’ म्हणतात. चिमट्याची पुढची खीळ चाकाच्या आसापेक्षा थोडी वर ठेवलेली असते. त्यामुळे साखळीची ओढ आणि चाकाचा रेटा मिळून गाडीचा मागचा भाग खाली बसू देत नाहीत. स्प्रिंग सैल असून वर दोघांचे वजन आले, की चिमटा आडवा होतो, हा आधार कमी होतो आणि गाडी वेग घेताना मागे बसकण मारते. त्यातच खड्डा आला तर दबायला जागा उरलेली नसते. धक्का थेट चौकटीला आणि पाठीच्या मणक्याला बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर याची प्रचीती वेगळी द्यायला नको.

बर्फाच्या प्रदेशात मात्र हाच प्रकार मुद्दाम केला जातो. गुलमर्गला ज्या ‘स्नोमोबिल’वर आपले पर्यटक हौसेने फेरी मारतात, तिला पुढे दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रुंद पट्टा असतो. पट्ट्याच्या आतल्या सस्पेन्शनला पुढच्या बाजूस एक वादी असते. ती सैल सोडली की वेग घेताना वजन अधिक मागे जाते आणि पुढच्या पट्ट्या उचलल्या जातात. आवळली की त्या बर्फाला धरून राहतात आणि वळण नीट घेता येते. तेथे अशी सोय मुळातच दिलेली असते आणि पडलात तरी खाली बर्फ असतो. आपल्याकडे खाली डांबर, नाहीतर काँक्रीट.

शिवाय उचललेले चाक केव्हातरी खाली येतेच. तो आघात फोर्कच्या ऑइल सीलवर, हँडलच्या कोनसेटवर आणि रिमवर येतो. म्हणूनच जुनी गाडी घेताना फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल फिरवताना मध्यभागी अडकल्यासारखे लागते का, हे पाहावे. गाडी तरुण मुलाची असेल तर दोनदा पाहावे.

घरच्या गाडीचा शॉकअप तपासायला मेकॅनिकचीही गरज नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचे चाक अधांतरी ठेवा आणि आसापासून आसनाखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग गाडी खाली घेऊन, नेहमी जितकी माणसे बसतात तितकी बसवून, पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. साध्या गाड्यांत तो साधारण २५ ते ३० मिलिमीटर भरतो. जास्त असेल तर स्प्रिंगखालची खाचांची कडी टूलकिटमधल्या आकडेदार पान्याने एकेक पायरी वर न्या. बहुतेक गाड्यांत अशा पाच पायऱ्या असतात. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची पायरी एकच हवी. ती वेगवेगळी आढळली, तर गाडी कोणी हाताळली हे घरात विचारायला हरकत नाही. मोनोशॉकमध्ये, २००४ च्या युनिकॉर्नपासून ही रचना आपल्याकडे रुळली, कडी आत दडलेली असते आणि हात पोहोचायला जरा कष्ट पडतात.

कडीने फक्त स्प्रिंगचा ताण बदलतो. आतले तेल गळून गेले असेल, तर कितीही पायऱ्या चढवल्या तरी उपयोग नाही. आसन जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपला. मग तो जोडीनेच बदलावा.

कायद्याचेही माहीत असावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्यासाठी कलम १८४ नुसार पहिल्याच वेळी १ ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ लागू होते: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. ‘एमएच ०५’ची पाटी असलेली ती गाडी बहुधा वडिलांच्याच नावावर असते.