रहीमसाहेबांची शाळा (लेखांक ६) : दुबळ्या पायाची स्पर्धा

जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या अंतिम सामन्याची गोष्ट आणखी एक आठवडा लांबते आहे. कारण कोल्हापूरहून आलेलं एक पत्र. मागच्या लेखात सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबादेत भरवलेल्या ‘ड्रिब्लिंगबंद’ स्पर्धांचा ओझरता उल्लेख होता. पेठेतल्या मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवणाऱ्या या वाचकाने त्यावर विचारलं आहे : ज्या प्रशिक्षकाने पोरांना चेंडू पायाशी खेळवायला बंदी केली, त्याच्याच हाताखाली तुलसीदास बलरामसारखा चकवेबाज खेळाडू कसा तयार झाला?

प्रश्न इतका नेमका आहे, की दोन ओळींत उत्तर देऊन जकार्ताला निघून जाणं बरं दिसणार नाही.

मुळात अशा स्पर्धा भरवणं रहीमना जमलं कसं? ते पेशाने शिक्षक होते आणि १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव. पुढे १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीसचा संघही त्यांच्याकडे आला. इतर प्रशिक्षकांना दुसऱ्याने ठरवलेल्या नियमांत संघ बसवावा लागतो; रहीमच्या हातात शहरातल्या स्पर्धाच होत्या. त्या सत्तेचा उपयोग त्यांनी मास्तरसारखा केला. एखाद्या स्पर्धेत ड्रिब्लिंग बंद, एखादीत फक्त दुबळ्या पायाने खेळायचं. समजावून सांगत बसायची गरजच उरली नाही. उजव्या पायाच्या पोराला डाव्यानेच खेळावं लागेल असा सामना लावून दिला, की बाकीचं काम सामना करतो.

ही दुबळ्या पायाची स्पर्धा म्हणजे रहीम यांच्या डोक्यातून निघालेली सर्वांत सुंदर कल्पना. ती नीट उलगडून बघायला हवी.

‘मला डाव्याने मारता येत नाही’ असं एखादा खेळाडू म्हणतो, तेव्हा खरी अडचण बरेचदा त्याच्या उजव्या पायात असते. डाव्याने चेंडू मारायचा तर अंगाचा सगळा भार उजव्यावर येतो. तो चेंडूच्या शेजारी किती अंतरावर टेकवायचा, गुडघा किती वाकवायचा, कंबर कुठल्या क्षणी फिरवायची, हे त्या पायाला ठाऊकच नसतं. लहानपणापासून त्याने मारण्याचं काम केलेलं असतं, तोल सांभाळण्याचं नाही. म्हणून भिंतीवर शंभर वेळा चेंडू मारून हे अर्धंच साधतं. भिंतीपुढे पावलं जुळवून घ्यायला वेळ मिळतो. अंगावर धावून येणारा बचावपटू तो वेळ देत नाही. पाऊल घाईगर्दीतही बरोबर पडायला हवं असेल, तर सराव त्याच गर्दीत व्हायला हवा, आणि ती गर्दी सामन्यातच मिळते.

पुश्कास जन्मभर डाव्या पायावरच खेळला की, असं कुणी म्हणेल. मॅराडोना, मेस्सीही तसेच. खरं आहे. पण तसा डावा पाय पिढीत एखाद्यालाच मिळतो, आणि संघ अकरा जणांचा असतो. साधारण गुणवत्तेच्या विंगरला प्रत्येक वेळी चेंडू चांगल्या पायावर घ्यावा लागला, तर एक टच जास्त खर्च होतो. तेवढ्या वेळात मोकळा असलेला साथीदार झाकला जातो. शिवाय समोरच्या बचावपटूला एकच बाजू राखली तरी पुरतं. दोन्ही पाय चालणारा खेळाडू त्याला मधोमध उभं राहायला लावतो.

आता कोल्हापूरकरांच्या प्रश्नाकडे. ड्रिब्लिंग बंद झालं, की पहिला फरक पडतो तो ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्यात. चेंडूवाला तो ठेवून घेऊ शकत नाही, त्यामुळे इतरांना पळून जागा करून द्यावीच लागते. चेंडूवाल्यालाही पास पायाशी येण्याआधीच मान वर करून पुढचा पास शोधून ठेवावा लागतो. आणि हे सगळं त्या स्पर्धेपुरतंच होतं. नेहमीच्या सामन्यात परतल्यावर चकव्याला मुभा होतीच. तेव्हा समोरच्या बचावपटूची पंचाईत व्हायची : हा पास देईल की निसटून जाईल? बलराम धोकादायक होता तो या दुहेरी शक्यतेमुळे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने हंगेरी आणि पेरू, दोघांवरही गोल केले. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा हा पोरगा. हैदराबादला सरावाला यायला पैसे नाहीत म्हणाला, तेव्हा रहीमनी त्याला सायकलभाड्याचे पैसे दिले. तेही खेळाडू घडवण्यातच धरायला हवं.

फळ काय मिळालं, ते जुन्या मुंबईकरांनी कूपरेजवर पाहिलं. हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला. नंतर हैदराबादने लागोपाठ दोन वेळा संतोष ट्रॉफी जिंकली, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत हरणारा संघ होता मुंबई. अर्थात नुसत्या कल्पक सरावाने सगळं भागत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रहीम यांचाच भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. संघातले बहुतेक जण अनवाणी खेळले होते.

कार्ल न्यूवेल या अभ्यासकाने १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा आधार घेऊन आज जगभरचे प्रशिक्षक सरावातल्या खेळाचे नियम बदलतात : मैदान लहान करतात, टच मोजून देतात. त्याच्या कितीतरी आधी हैदराबादचा एक शाळामास्तर हे आख्ख्या शहराच्या फुटबॉलवर करून पाहत होता. भारतीय प्रशिक्षण शिबिरांत या स्पर्धांचा धडा म्हणून अभ्यास व्हायला हवा.

पत्रलेखकांनी विचारलं आहे, दहा-बारा वर्षांच्या मुलांवर हे करून बघावं का? जरूर बघावं, पण आठवड्यातून एखादाच सामना, तोही छोट्या मैदानावर आणि दोन्ही संघांना सारखाच नियम लावून. बाकीच्या दिवशी पोरांना मनसोक्त चकवे देऊ द्यावेत. त्या वयात ती हौस मारली, तर पुढे पास देण्यापलीकडे त्यांना काही सुचणार नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र जकार्ता नक्की : डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नैल सिंग, त्याला थेट आघाडीला पाठवणारे रहीम, आणि मधल्या फळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको.